आयुर्वेदिक मसाज केंद्राच्या वेबसाइटवर आधी काय दिसावं?

मुंबई-गोवा महामार्गालगत संगमेश्वर परिसरात आरवली, तुरळ, राजवाडी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे थांबलेला प्रवासी मोबाइलवर ‘संगमेश्वर मसाज’ शोधतो, तेव्हा त्याला आयुर्वेदाचा इतिहास नको असतो. अभ्यंगाला वेळ किती, पैसे किती, बायकांसाठी महिला थेरपिस्ट आहे का, एवढंच हवं असतं. ते पहिल्याच पानावर, मराठीत लिहा. संगमेश्वर रोड स्टेशनापासूनचं अंतर आणि व्हॉट्सॲपचं बटण तिथेच द्या. फोटो आपल्याच खोलीचे टाका. केरळच्या हाउसबोटी कशाला? गूगल मॅपवर व्यवसायाची नोंद फुकट होते, तीही करून घ्या. ‘आमच्या तेलाने मधुमेह कायमचा जातो’ असं मात्र चुकूनही लिहू नका. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार अशी जाहिरात गुन्हा ठरते.