शोधनिबंधातील बीजशब्दांची निवड : तुलनात्मक साहित्याभ्यासाच्या संदर्भात

शोधनिबंधाचे शीर्षक, सारांश आणि मुख्य विवेचन यांवर अभ्यासक पुष्कळ परिश्रम घेतो. सारांशाखाली येणारी पाच-सहा बीजशब्दांची ओळ मात्र बहुधा निबंध संपादकांकडे पाठविण्याच्या दिवशी घाईने लिहिली जाते. शीर्षकातील शब्द सुटे करून तेथे मांडले की काम झाले, अशी समजूत रूढ आहे. निसर्गविज्ञानांत या समजुतीने होणारी हानी मर्यादित असते, कारण तेथील पारिभाषिक संज्ञा बऱ्याच अंशी सर्वत्र एकरूप झालेल्या असतात. साहित्याभ्यासात, आणि विशेषतः अनेक भारतीय भाषांना स्पर्श करणाऱ्या तुलनात्मक अभ्यासात, अशी एकरूपता नाही. एकाच वाङ्मयप्रकाराला प्रत्येक भाषेत वेगळे नाव असते आणि एकच नाव दोन भाषांत वेगळ्या गोष्टींना लावले जाते. म्हणून येथे बीजशब्द निवडणे ही स्वतःच एक तुलनेची कृती ठरते. आपला निबंध कोणत्या परंपरेतील अभ्यासकांपर्यंत पोहोचावा आणि कोणत्या चर्चेत तो सामील व्हावा, याचा निर्णय त्या एका ओळीत होत असतो.

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रेमंड विल्यम्स यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'कीवर्ड्स' या ग्रंथामुळे साहित्याच्या अभ्यासकांना ही संज्ञा एका विशिष्ट अर्थाने परिचित आहे. संस्कृती आणि समाज यांविषयीच्या चर्चेत वारंवार येणारे, ज्यांच्या अर्थाविषयीच वाद आहेत असे शब्द विल्यम्स यांना अभिप्रेत होते. शोधनिबंधातील बीजशब्दांचे मूळ यापेक्षा वेगळे, म्हणजे ग्रंथसूचीच्या शास्त्रात आहे. आयबीएम या संस्थेतील हान्स पेटर लून यांनी १९६०च्या सुमारास शीर्षकांतील अर्थवाही शब्दांची संदर्भासह यांत्रिक सूची तयार करण्याची पद्धत रूढ केली. त्याच्या कितीतरी आधी, १९३१ साली, शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. ग्रंथ आणि त्याचा वाचक यांची गाठ घालून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असा त्यांपैकी एका सूत्राचा आशय आहे. बीजशब्दाचे कार्यही नेमके हेच असते. मात्र तुलनात्मक साहित्यात विल्यम्स यांचा आणि ग्रंथपालाचा असे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. सूचीसाठी निवडलेला शब्द येथे अनेकदा वादग्रस्त शब्दही असतो.

याचे सर्वांत सोपे उदाहरण कादंबरीचे आहे. मराठी आणि कन्नड या भाषांनी बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. हिंदी, बंगाली, ओडिया आणि असमिया या भाषांत त्याच प्रकाराला 'उपन्यास' म्हणतात. गुजराती 'नवलकथा' म्हणते, तर तेलुगूत 'नवल' हा शब्द आहे. मराठी अभ्यासकाने निबंधाखाली केवळ 'कादंबरी' असे लिहिले, तर 'उपन्यास' या शब्दाने शोध घेणाऱ्या बंगाली अभ्यासकाला तो निबंध सापडणार नाही. ही अडचण ओळखून त्याने 'उपन्यास' हा शब्दही जोडला, तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. कन्नड आणि तेलुगू या भाषांत हा शब्द 'व्याख्यान' या अर्थाने वापरला जातो. तेव्हा शब्द सारखा दिसतो म्हणून तो सर्वत्र सारखेच काम करील, असे गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी 'कादंबरी' हा मूळ भाषेतील शब्द, इंग्रजी सारांशाखाली 'नॉव्हेल' ही व्यापक संज्ञा आणि विवेचनात ज्या दुसऱ्या भाषेतील कृती आहेत त्या भाषेतील नाव असे तीन स्तर ठेवणे इष्ट ठरते.

यापेक्षा गुंतागुंतीचे उदाहरण नामदेवांचे आहे. नामदेवांच्या मराठी अभंगांची आणि गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या ६१ पदांची तुलना करणारा एखादा निबंध कल्पावा. अशा निबंधाखाली सहसा 'भक्ती, संतसाहित्य, नामदेव, मराठी, पंजाबी, तुलना' असे बीजशब्द दिलेले आढळतील. यांपैकी 'तुलना' हा शब्द निरुपयोगी आहे, कारण तुलनात्मक साहित्याच्या नियतकालिकातील प्रत्येक निबंधाला तो लागू पडतो. 'भक्ती' हा शब्द इतका व्यापक आहे की त्याने शोध घेणाऱ्यापुढे तमिळ आळ्वारांपासून असमिया शंकरदेवांपर्यंतचे सर्व लेखन येऊन पडेल आणि त्यात हा निबंध हरवून जाईल. 'मराठी' आणि 'पंजाबी' या शब्दांनी भाषा कळतात. विषय मात्र कळत नाही.

'संतसाहित्य' हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. मराठीत 'संत' या संज्ञेत सगुण विठ्ठलाची उपासना करणारे वारकरी कवी निःशंकपणे येतात. हिंदी साहित्याच्या इतिहासलेखनात मात्र 'संतकाव्य' ही संज्ञा मुख्यतः निर्गुण धारेच्या कवींसाठी रूढ झाली आणि तुलसीदास, सूरदास यांचा विचार तिच्या बाहेर होऊ लागला. पंजाबात नामदेवांना 'भगत नामदेव' म्हणतात, आणि ग्रंथसाहिबातील अशा कवींच्या रचनांना 'भगतबाणी' हे नाव आहे. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावाशी नामदेवांचे नाव जोडलेले असून, २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. दोन प्रदेशांतील हा स्नेह जुना असला, तरी 'संत नामदेव' आणि 'भगत नामदेव' या दोन नावांखाली झालेले लेखन सूचीत एकमेकांपासून दूर राहते. म्हणून वरील निबंधासाठी 'संत नामदेव', 'भगत नामदेव', 'भगतबाणी', 'अभंग', 'वारकरी संप्रदाय' आणि 'गुरू ग्रंथसाहिब' ही शब्दावली अधिक कार्यक्षम ठरेल. निबंधाचा भर पाठभेदांवर असेल, तर 'मौखिक परंपरा' किंवा 'पाठसंक्रमण' यांपैकी एक शब्द जोडावा. तसा भर नसेल, तर केवळ प्रतिष्ठेसाठी तो जोडू नये. बीजशब्द हे वाचकाला दिलेले आश्वासन असते, आणि निबंधात ज्याचे विवेचन नाही त्याचे आश्वासन देणे अनुचित होय.

या उदाहरणातून एक सर्वसाधारण कसोटी निघते. रंगनाथन यांनी कोणत्याही विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटींच्या आधारे विश्लेषण करता येते असे प्रतिपादन केले. साहित्याभ्यासाला ही मांडणी थोड्या फरकाने लावता येईल. निबंध कोणत्या लेखकाविषयी वा कृतीविषयी आहे, कोणत्या वाङ्मयप्रकाराविषयी आहे, कोणत्या दृष्टीने विचार झाला आहे, कोणत्या भाषाप्रदेशांत आणि कोणत्या काळात, असे पाच प्रश्न विचारावेत. प्रत्येक प्रश्नाला एक शब्द मिळाला की ओळ समतोल होते. एकाच प्रश्नाची चार उत्तरे आणि बाकीच्यांची एकही नाही, अशी स्थिती असेल तर निवड सदोष आहे असे समजावे.

बीजशब्द वाङ्मयीन भूमिकाही व्यक्त करतो, हे दलित लेखकांच्या आत्मपर लेखनाच्या संदर्भात विशेषत्वाने जाणवते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), बामा यांचे तमिळ 'करुक्कु' (१९९२) आणि ओमप्रकाश वाल्मीकी यांचे हिंदी 'जूठन' (१९९७) यांचा एकत्र विचार करणाऱ्या निबंधाला कोणती संज्ञा द्यावी? मराठीत 'आत्मचरित्र', 'आत्मकथन' आणि 'स्वकथन' हे शब्द उपलब्ध आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा समीक्षेत वेगळ्या मानल्या गेल्या आहेत. 'आत्मचरित्र' म्हटले की एका व्यक्तीच्या घडणीची, बहुधा कृतार्थतेकडे जाणारी कहाणी सूचित होते. 'स्वकथन' या संज्ञेत व्यक्तीच्या अनुभवातून समूहाचा अनुभव सांगितला जातो, हा विचार अनुस्यूत आहे. हिंदीत मात्र 'दलित आत्मकथा' हाच शब्द प्रचलित आहे. इंग्रजी सारांशाखाली 'ऑटोबायोग्राफी' लिहिल्यास निबंध पाश्चात्त्य आत्मचरित्राच्या चर्चेत जाऊन बसतो. 'टेस्टिमोनियो' लिहिल्यास तो लॅटिन अमेरिकेतील साक्षरूप कथनांच्या शेजारी जातो. यांपैकी कोणतीही निवड मुळातच चूक नाही. ती निबंधातील प्रतिपादनाशी सुसंगत असली पाहिजे, एवढेच. निबंधात 'स्वकथन' या संज्ञेचे समर्थन करायचे आणि बीजशब्दांत 'आत्मचरित्र' लिहायचे, ही विसंगती टाळली पाहिजे. शोधाच्या सोयीसाठी प्रचलित शब्द घ्यावाच लागला, तर आपली संज्ञा प्रथम आणि प्रचलित संज्ञा तिच्यानंतर ठेवावी.

मराठीत लिहिलेल्या निबंधांपुढे भाषेच्या रचनेतून येणारी आणखी एक अडचण आहे. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. 'पोवाडा' या विषयावरील दीर्घ निबंधात 'पोवाड्यातील', 'पोवाड्याचे', 'पोवाड्यांतून' अशी रूपे असंख्य वेळा येतील, पण 'पोवाडा' हे मूळ रूप क्वचितच येईल. 'भारूड' या शब्दाचा दीर्घ उकार 'भारुडातील' या रूपात ऱ्हस्व होतो. अक्षरांची जुळणी पाहणाऱ्या यंत्राला हे दोन शब्द वेगळे वाटतात. १९६२ साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार 'भक्ती' हा शब्द दीर्घान्त लिहिला जातो, तर 'भक्तिकाव्य' या समासात तो ऱ्हस्वच राहतो. हिंदीत तो सर्वत्र 'भक्ति' असा आहे. त्यामुळे बीजशब्द नेहमी मूळ रूपात, एकवचनात आणि प्रमाण लेखनानुसार द्यावा, आणि समास वापरल्यास त्याचे प्रमुख पद स्वतंत्रपणेही द्यावे. विवेचनात ज्या रूपाची उणीव राहते ती बीजशब्दांच्या ओळीत भरून निघते.

संगणकीय लेखनाने या अडचणीत भर घातली आहे. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेले निबंध पडद्यावर देवनागरी दिसले, तरी त्यांतील अक्षरांमागे असलेली चिन्हे रोमन असतात, म्हणून देवनागरी शब्दाने ते सापडत नाहीत. युनिकोडमध्येही काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. 'कादंबऱ्या' या शब्दातील ऱ्य दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी उमटतो. 'ॲरिस्टॉटल' या नावातील आद्याक्षराला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, त्यापूर्वी ते 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहीत. रोमन लिप्यंतरात तर 'ज्ञानेश्वर' या एका नावाचा आरंभ जे-एन, डी-एन-वाय आणि जी-वाय अशा तीन तऱ्हांनी होतो. इंग्रजी सारांशाखाली यांपैकी सर्वाधिक प्रचलित रूप द्यावे आणि नियतकालिकाची हरकत नसल्यास दुसरे एक रूप जोडावे.

या सर्व दक्षतेची निकड अलीकडच्या काळात वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील प्रबंध एकत्र येऊ लागले. मराठी, कन्नड, बंगाली आणि पंजाबी विभागांतील संशोधन प्रथमच एका ठिकाणी शेजारी शेजारी उभे राहिले. मात्र प्रबंधाचे शीर्षक कधी मूळ लिपीत, कधी लिप्यंतरात असते, आणि पुष्कळ पाने केवळ प्रतिमारूपाने साठविलेली असल्याने त्यांतील मजकूर शोधता येत नाही. अशा वेळी नोंदीतील थोडे शब्दच वाचकाला प्रबंधापर्यंत नेऊ शकतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा ग्रंथकार आणि वाचक यांच्यामध्ये एक जाणता सूचीकार उभा होता. आज ते काम पुष्कळ अंशी निबंधलेखकावर येऊन पडले आहे.

व्यवहारात यासाठी फार वेळ लागत नाही. निबंध पूर्ण झाल्यावर त्यातील दहा-बारा संभाव्य शब्द वेगळे काढावेत. शीर्षकात आलेले शब्द शोधात येतातच. म्हणून त्यांची पुनरुक्ती शक्यतो टाळून शीर्षकात न आलेल्या, पण विवेचनात महत्त्व असलेल्या संज्ञांना जागा द्यावी. प्रत्येक शब्दाने एखाद्या सूचीत प्रत्यक्ष शोध घेऊन पाहावा. शेकडो असंबद्ध नोंदी आल्या तर शब्द अधिक विशिष्ट करावा. एकही नोंद आली नाही तर त्याच्या जोडीला प्रचलित शब्द द्यावा. अखेरीस, ज्या दुसऱ्या भाषेशी तुलना केली आहे त्या भाषेच्या अभ्यासकाला ती ओळ दाखवून, या विषयाचा शोध तो कोणत्या शब्दाने घेईल, हे विचारावे. त्याचे उत्तर बहुधा ओळीत नसलेला एखादा शब्द असते.

भारतीय भाषांतील संशोधन परस्परांना अपरिचित राहते, अशी खंत चर्चासत्रांतून वारंवार व्यक्त होते. तिची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व एका ओळीने दूर होणारी नाहीत. परंतु मराठीतील अभंगाचा अभ्यासक आणि पंजाबीतील भगतबाणीचा अभ्यासक एकाच कवीवर लिहीत असूनही एकमेकांचे लेखन वाचत नसतील, तर त्या अंतराचा काही भाग निबंधलेखकाच्या हातात आहे. तेवढा तरी त्याने भरून काढणे हे तुलनात्मक अभ्यासाच्या प्रयोजनाशी सुसंगतच ठरेल.