राब, दोरी आणि शंभर पानी वही



वसतिगृहातील मुले ‘संशोधन’ करतात म्हणजे नेमके काय करतात, असे मंडळीतील काही बंधुभगिनींनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. दोरी, मोजपट्टी आणि शंभर पानी वही, एवढेच साहित्य.

मुंबईकडील पालकांना सहावी व नववीसाठी होणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ठाऊक असते. आम्ही राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची वाट धरली. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठिंब्याने ती १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुले आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न घेतात, मार्गदर्शकाच्या सोबतीने त्याचा अभ्यास करतात आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी तो मांडतात. प्रकल्प आपल्या भाषेत मांडता येतो. शाळा सुटलेल्या मुलांनाही दार उघडे आहे, आणि आमच्या भागात ही गोष्ट लहान नाही.

नववीतील दोन मुलींनी राब हा विषय घेतला. नागली किंवा भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या पसरून उन्हाळ्यात भाजतात, तो राब. आजी सांगते, राब भाजला की रोपात तण येत नाही. बाहेरून आलेले लोक सांगतात, झाडे छाटून जाळणे ही नासाडी आहे. हा वाद इंग्रजांच्या काळापासूनचा. मुलींनी मला विचारले, “सर, खरे कोणाचे?”

मार्गदर्शकाची खरी परीक्षा इथे असते. उत्तर देणे सोपे. पण दिले की मुलांच्या हाती उरते फक्त लिहून काढणे. मी एवढेच विचारले, “कळेल कसे?” एक म्हणाली, आमचा भाजलेला राब आणि शेजारच्यांची न भाजलेली जागा ताडून पाहू. दुसरी लगेच म्हणाली, “त्यांचे बी वेगळे, जमीन वेगळी. फरक भाजण्याचाच, हे कशावरून?” पुस्तकात हीच गोष्ट पानभर समजावलेली असते.

शेवटी एकाच शेतात दोरीने सारखे तीन चौकोन आखले. एक भाजलेला, एकात नुसते शेणखत, एकात काहीच नाही. बी एकच, तेही मोजून. पाऊस लागल्यावर दर शनिवारी तण मोजायचे, रोपाची उंची घ्यायची आणि तिथल्या तिथे वहीत लिहायचे. एका आठवड्यात शेळीने शेणखताच्या चौकोनाचा कोपरा खाल्ला. “अंदाजे आकडा टाकू का?” असा प्रश्न आला. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी लिहिले: ‘कोपरा शेळीने खाल्ला, मोजला नाही.’ मला त्या वहीतील ही सर्वांत चांगली ओळ वाटते.

तणाबाबत आजीचे म्हणणे टिकले. भाजलेल्या चौकोनात तण सर्वांत कमी. रोपाच्या उंचीत मात्र राब आणि शेणखत यांत फारसे अंतर दिसले नाही. एका हंगामाच्या तीन चौकोनांवरून याहून जास्त म्हणता येत नाही, हेही मुलींनीच लिहिले. आता त्यांना निम्म्याच फांद्या घालून भाजले तर काय होते, ते पाहायचे आहे. आजीने जागा द्यायचे कबूल केले आहे. तण उपटणार नाही, असेही वचन दिले आहे.

अनेकांनी विचारले, काय पाठवू? वह्या आहेत. कमी आहेत ती वेळ देणारी माणसे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून, कोणीही चालेल. विज्ञानाची पदवी लागत नाही. जून ते ऑक्टोबर, शनिवारी अर्धा तास फोनवर एका गटाची वही ऐकायची आणि “हे कशावरून?” असे विचारायचे. अहवाल सुंदर करून देण्याचा मोह होईल, तो आवरायचा. नवे गट एप्रिलमध्ये, राब भाजण्याआधी प्रश्न ठरवतात. त्यामुळे आपले नाव मार्चअखेरपर्यंत वसतिगृहाच्या कार्यालयात कळवावे.