सूर चुकतो कुठे? गळ्यात की तारेत?

बारा वर्षे गुरूंपुढे बसून शिकलेली मुलगी. घरच्या तानपुऱ्याबरोबर तिचा षड्ज हलत नाही की निषाद ढळत नाही. एके दिवशी भावगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी तिला स्टुडिओत बोलावणे येते. काचेच्या खोलीत ती उभी राहते, कानांवर हेडफोन चढवला जातो, समोर माईक. गाणे सुरू होते आणि दुसऱ्याच ओळीला तिचा सूर उतरू लागतो. पुन्हा एकदा, मग आणखी एकदा. काचेपलीकडचे चेहरे त्रासतात. तासाचे भाडे चढत असते. शेवटी कुणीतरी म्हणते, "मुलगी तयार नाही अजून." डोळे पुसत ती घरी जाते. आईवडिलांना वाटते, बारा वर्षांची शिकवणी वाया गेली.

असा प्रसंग लहान स्टुडिओंत अनेकदा घडतो. अशा वेळी दोष गळ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो हेडफोनपर्यंत येणाऱ्या तारेत, मिक्सरच्या एका बटनात किंवा संगणकाच्या एका आकड्यात दडलेला असतो. गाणारा तेच गातो जे त्याला ऐकू येते. ऐकण्याची वाटच वाकडी असेल तर सूर सरळ कसा लागणार?

एक आवाज, तीन वाटा

स्टुडिओत माईकपासून निघालेल्या आवाजाला तीन ठिकाणी जायचे असते. पहिली वाट मुद्रणाची, म्हणजे पूर्वी टेपकडे आणि आता संगणकाकडे जाणारी. दुसरी काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाच्या स्पीकरकडे जाते. तिसरी गाणाऱ्याच्या हेडफोनकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला मिळून 'मॉनिटरिंग' म्हणतात. मुद्रित झालेले श्रोत्यांपर्यंत पोचते, मॉनिटरिंगचा आवाज मात्र त्या खोलीतच विरून जातो. म्हणूनच स्टुडिओ उभारणारे हौशी लोक सारा पैसा माईकवर ओततात आणि ऐकण्याची व्यवस्था उरल्यासुरल्या तारांवर भागवतात. गाणाऱ्याचा आत्मविश्वास आणि मिश्रण करणाऱ्याचा निर्णय, दोन्ही याच दुर्लक्षित वाटांवर उभे असतात.

टेपच्या जमान्यातला पेच

हे दुखणे आजचे नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतला गिटारवादक लेस पॉल आपल्या पत्नीच्या, मेरी फोर्डच्या, एकाच आवाजाचे थरावर थर चढवून गाणी बनवत असे. त्याने टेप-यंत्राला एक जादा हेड बसवले. जुना आवाज पुसला जाण्याआधीच ते तो वाचून घेई आणि नव्या आवाजात मिसळून टेपवर पुन्हा लिहिण्यासाठी पुढे देई. याच रीतीने केलेली त्यांची 'हाउ हाय द मून' ही तबकडी १९५१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. रीत जिवावरची होती. शेवटच्या थरात एक चूक झाली की आधीचे सगळे थर बुडाले!

मग एकाच टेपवर वेगवेगळे पट्टे ठेवले तर? एका पट्ट्यावर साथ, दुसऱ्यावर गाणे. कल्पना सुरेख, पण ऐकण्याची वाट आडवी आली. टेप-यंत्रात तीन हेड एका ओळीत असतात: पुसणारे, लिहिणारे आणि वाचणारे. साथ वाचणाऱ्या हेडवरून ऐकू येणार आणि गाणे लिहिणाऱ्या हेडवर उमटणार. दोन हेडांमध्ये दीड इंचाचे अंतर धरले आणि टेप सेकंदाला १५ इंच धावत असली, तर फरक पडतो सेकंदाच्या दहाव्या भागाचा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे गायिका मंचावर आणि तबलजी मांडवाच्या दाराशी बसल्यासारखेच! ठेका जुळायचा कसा?

अँपेक्स कंपनीत रॉस स्नायडर यांनी १९५५ मध्ये यावर जो तोडगा काढला, त्याचे नाव 'सेल-सिंक'. युक्ती अशी की लिहिणाऱ्या हेडलाच तात्पुरते वाचायला लावायचे. ज्या पट्ट्यावर साथ आहे तो पट्टा लिहिणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचा आणि शेजारच्या पट्ट्यावर त्याच रेषेत नवे गाणे लिहायचे. अंतरच उरले नाही, तर उशीर कुठला? लिहिणाऱ्या हेडवरून वाचलेला आवाज जरा बोथट असे, तार स्वरांची चमक कमी होई. पण तो फक्त गाणाऱ्याला साथ समजण्यापुरता होता. अंतिम मिश्रणाच्या वेळी वाचणारे चांगले हेड होतेच. गाणाऱ्याने ऐकायची वाट वेगळी आणि पक्क्या मुद्रणाची वेगळी, हा धडा तिथे पक्का झाला. या सोयीचे पहिले आठ पट्ट्यांचे यंत्र लेस पॉलच्या घरी १९५७ मध्ये पोचले. किंमत होती दहा हजार डॉलर!

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत हीच कथा पुन्हा घडली. १९६८ मध्ये तिथे आठ पट्ट्यांचे नवे यंत्र आले होते, पण तंत्रज्ञ ते लगेच वापरू देईनात. थर चढवताना हेडफोनकडे जाणारा आवाज आणि काचेपलीकडे ऐकायचा आवाज एकाच वेळी सोयीने वेगळे काढता येत नव्हते. आधी त्यात फेरफार करायला हवे होते. बीटल्सना मात्र धीर निघेना आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते यंत्र त्यांच्यासाठी काहीसे परस्परच स्टुडिओत आणले गेले. तंत्रज्ञांचा हट्ट अनाठायी नव्हता. ऐकण्याची वाट नीट नसेल तर महागडे यंत्रही अर्धे पांगळे.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात कित्येक दशके गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत. कुणा एकाची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढे साथ आधी आणि गाणे नंतर अशी पद्धत रुळली. द्वंद्वगीतातले दोन आवाजही वेगवेगळ्या दिवशी मुद्रित होऊ लागले. साथीदार समोर नसला की गाणाऱ्याला आधार उरतो तो फक्त हेडफोनचा.

जुने दुखणे, नवे नाव

संगणक आला, टेप गेली, हेडांमधले अंतरही गेले. उशीर मात्र दुसऱ्या दाराने परत आला. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, बादली भरली की उचलतो. या बादलीला 'बफर' म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना बादली १,०२४ नमुन्यांची असेल, तर ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक बादली, बाहेर जाताना आणखी एक. म्हणजे गाणारीला स्वतःचा आवाज ४६ मिलिसेकंदांहून जास्त उशिरा ऐकू येणार. बादली १२८ नमुन्यांची केली तर दोन्ही मिळून हा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे दोन मीटरवरून ऐकल्यासारखा.

उशिराने कानावर येणारा स्वतःचाच आवाज माणसाला किती गोंधळवतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते. सेकंदाच्या पाचव्या भागाइतक्या उशिराने स्वतःचे बोलणे ऐकवले, तर चांगला बोलणाराही अडखळतो. गाण्यात त्याहून कितीतरी कमी उशीरही लय ओढून धरतो.

आणखी एक छुपा चोर आहे. बऱ्याच उपकरणांत माईकचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनला देण्याची सोय असते. ती चालू असावी आणि संगणकातून परत येणारा आवाजही चालूच राहावा, असे झाले की एकच आवाज दोनदा येतो. त्यात पाच मिलिसेकंदांचे अंतर असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्झ असे एकाआड एक स्वर गळून पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. माईकच्या केबलमधल्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तरी हेडफोनमध्ये असेच काहीसे होते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हेडफोनचा उलटा आवाज त्याला खोडून काढतो. मुद्रण ऐकले तर ठीकठाक असते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. फक्त गाणारी म्हणत राहते, "मला माझाच आवाज सापडत नाही."

दोष शोधायची रीत

स्टुडिओतले काही बिनसले की सगळ्या तारा उपटून पुन्हा लावायचा मोह होतो. असे केल्याने दोष कधी नाहीसा होतो, कधी दोनाचे चार होतात, आणि तो कुठे होता हे मात्र कधीच कळत नाही. शहाणी रीत निराळी आहे. आधी कागदावर माईकपासून स्पीकरपर्यंतचा सगळा मार्ग काढायचा. मग ओळखीचा एखादा स्थिर स्वर सोडायचा आणि मार्गाच्या मधोमध ऐकायचे. तिथे आवाज शुद्ध असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. सोळा जोडांच्या मार्गात चारच पायऱ्यांत दोषी जोड हाती लागतो.

एका बाजूचा स्पीकर खरखरत असेल तर डावी-उजवी केबल अदलाबदल करून पाहावी. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष केबलच्या मागे, आणि जागीच राहिली तर स्पीकरमध्ये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

सतत येणारी गुणगुण बहुधा विजेची असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणही ५० किंवा १०० हर्ट्झची. संगणक एका प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगवर असला की दोघांच्या अर्थिंगमधून फेरा तयार होतो. तो तोडायला काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. असे कधीही करू नये! गुणगुण थांबेल, पण एखाद्या दिवशी यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर माईकला ओठ लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. सगळी यंत्रे एकाच जागेवरून वीज घेतील असे पाहावे आणि दोन तारा व त्यावर जाळी असलेली बॅलन्स्ड केबल वापरावी. तिच्यातल्या दोन तारांवर आवाज एकमेकांच्या उलट जातो आणि गुणगुण सारखीच शिरते. पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की गुणगुण वजा होते, आवाज उरतो.

नव्याने मांडणी

दोष सापडल्यावर नुसती डागडुजी पुरत नाही, वाटा वेगळ्या कराव्या लागतात. ध्वनिमुद्रकाने आपला स्पीकर मोठा-बारीक केला तर त्याचा परिणाम मुद्रणावर किंवा गाणाऱ्याच्या हेडफोनवर होता कामा नये. हेडफोनचे मिश्रण स्वतंत्र हवे. कुणाला तानपुरा जास्त हवा असतो, कुणाला तबला. स्वतःचा आवाज फार मोठा ऐकू आला की गाणारा दबून गातो, फार लहान आला की ओरडू लागतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रान्समध्ये एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. थोडी घुमारेदार गुंज फक्त हेडफोनमध्ये दिली तर गाणाऱ्याला हुरूप येतो आणि मुद्रण कोरडे, स्वच्छ राहते. एक कान उघडा ठेवून गायची सवय असलेल्यांसाठी त्या बाजूचा आवाज बंद करावा, नाहीतर तो माईकमध्ये झिरपतो.

काचेपलीकडच्या स्पीकरचीही अशीच शिस्त. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या पडद्याचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी निघाला होता. पुढे तोच जगभरच्या स्टुडिओंत मांडला गेला आणि २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तो गोड वाजत असे म्हणून नव्हे, दोष लपवत नसे म्हणून! आवाजाची पातळीही ठरलेली हवी. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले. सकाळी हळू आणि रात्री जोरात ऐकणाऱ्याचे दोन दिवसांचे निर्णय एकमेकांशी भांडतात.

कान जपणे तर सर्वांत आधी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच ऐकावा, अशी मर्यादा अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने सुचवली आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. माईक बदलता येतो, स्पीकर बदलता येतो. कान मात्र एकदाच मिळतात.

आज घराघरांत, एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात, स्टुडिओ उभे राहत आहेत. मुलांच्या हौशीसाठी आईवडील पैसे साठवून यंत्रे आणतात. त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे की माईकच्या खरेदीतले थोडे पैसे चांगल्या केबलसाठी आणि हेडफोनच्या स्वतंत्र मिश्रणासाठी राखलेले बरे. आणि पहिल्या दिवशी सूर लागला नाही, तर मुलीला बोल लावण्याआधी तिचा हेडफोन एकदा आपल्या कानाला लावून पाहावा. बारा वर्षांच्या रियाजाने मिळवलेला षड्ज तिथेच, तारेच्या अलीकडे, शाबूत असेल.