लवचीक सांधे आणि ओटीपोटातले दुखणे

घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतून पायऱ्या उतरून शाळेत येणारी एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर असते. ओटीपोट, कंबर, मांड्या दुखतात म्हणते. हाताचा अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवण्याची गंमतही तीच मैत्रिणींना दाखवते. या दोन गोष्टींचा संबंध आपल्या मनात येत नाही. पण तो कधीकधी असतो.

शरीराचे भाग जागच्या जागी धरून ठेवते ते संयोजी ऊतक. त्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. त्याचा रेणू तीन पदरी दोरासारखा पिळलेला असतो, हे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात दाखवले. एलर्स-डॅनलॉस विकारांत हे ऊतक जन्मतःच सैल असते. २०१७ च्या वर्गीकरणात त्यांचे १३ प्रकार आहेत. त्यांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या अतिलवचीक प्रकाराचे जनुक अद्याप निश्चित झालेले नाही.

कमरेखालची हाडे अस्थिबंधांनी बांधलेली असतात. हे बंध सैल असले की भार स्नायूंवर येतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, थकतात आणि दुखतात. अशा वेळी स्नायू आवळण्याचा व्यायाम सरसकट केल्यास त्रास वाढू शकतो. आधी ते सैल सोडायला शिकावे लागते.

मग संप्रेरकांचे काय? पाळीच्या आधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी घसरते. याच दिवसांत सांधे जास्त निखळतात, दुखणे वाढते, असे अनेक रुग्ण सांगतात. काहींना रक्तस्रावही जास्त होतो. मात्र याची नेमकी साखळी अजून उलगडायची आहे. तेव्हा रक्ततपासणीत संप्रेरके ठीक आली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. लवचीकपणा म्हणजे आजार नव्हे. अनेक मुले लवचीक असूनही ठणठणीत असतात. डॉक्टर बेटन मोजणीत ९ पैकी गुण देतात, पण केवळ त्यावर निदान करीत नाहीत. शिवाय अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिऑसिससारखे दुसरे कारणही असू शकते.

निदान हे आपले, शिक्षकांचे, काम नाही. पण 'पाळीत दुखायचेच' असे म्हणून तिला गप्प न करता, दुखण्याच्या तारखा वहीत लिहायला सांगून पालकांसह स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवणे आपल्याला नक्कीच जमेल.