वस्तू चघळणारे मूल आणि वर्गशिक्षक

पाटीवरची पेन्सिल कुरतडणारे, सदऱ्याची कॉलर ओली होईपर्यंत तोंडात धरणारे, दप्तराचा पट्टा किंवा वेणीचे टोक चघळत बसणारे एखादे तरी मूल प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत आढळते. शिक्षकाचे लक्ष प्रथम स्वच्छतेकडे व शिस्तीकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. ‘तोंडातून काढ’ ही आज्ञा दिवसातून अनेक वेळा दिली जाते. मूल ती क्षणभर पाळते आणि थोड्याच वेळाने वस्तू पुन्हा तोंडात जाते. मग मूल हट्टी आहे, किंवा त्यास वळण नाही, असा समज होतो. हा समज बहुधा चुकीचा असतो. ह्या सवयीमागे काय असते, तिच्यात धोका केव्हा असतो आणि खेड्यातील शाळेत कोणते उपाय करता येतात, ह्यांचा विचार पुढे केला आहे.

१. सवयीचे मूळ

ओठ, जीभ व बोटांची अग्रे हे शरीराचे अतिशय संवेदनशील भाग होत. तान्हे मूल जगाची पहिली ओळख तोंडाने करून घेते. हाती येईल ती वस्तू ते तोंडात घालते, कारण ती मऊ की कठीण, थंड की उष्ण हे त्यास तोंडानेच प्रथम कळते. हात कुशल होऊ लागले व भाषा आली की तोंडाचे हे काम कमी होत जाते. बहुतेक मुलांत दोन-तीन वर्षांच्या सुमारास ही सवय ओसरते, तर काहींत ती पुढेही राहते.

ती राहण्याचे एक कारण जबड्यात आहे. चावण्याचे स्नायू फार बळकट असतात. ते आकुंचन पावले की स्नायूंतून व सांध्यांतून मेंदूकडे खोल दाबाची संवेदना जाते. अशी संवेदना पुष्कळ मुलांना शांतविते. वर्गातील गोंगाट, अवघड गणित, अपरिचित पाहुणा किंवा परीक्षेची धास्ती ह्यांनी मन अस्वस्थ झाले की मूल नकळत ह्या साधनाकडे वळते. उलट, पाठ लांबला व अंगात आळस भरला की जागे राहण्यासाठीही काही मुले चघळतात. प्रौढांचे वर्तन ह्याहून फारसे निराळे नसते. हिशेब जुळत नसला की वडीलधारा माणूस पानाचा डबा पुढे ओढतो, कोणी काडी दातांत धरतो, तर कोणी मिशीचे टोक चावतो. मोठ्यांना जे क्षम्य ठरते तेच लहानांच्या ठिकाणी अपराध ठरावे, हे न्याय्य नव्हे.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंद्रियसंवेदनांची जुळणी आणि मुलांचे शिकणे ह्यांचा संबंध विस्ताराने मांडला. त्यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामाविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. तथापि काही मुलांना इतरांहून अधिक संवेदना लागते आणि काहींना थोडीही असह्य होते, हे निरीक्षण वर्गशिक्षकास उपयोगी पडण्यासारखे आहे. स्वमग्न मुलांत चघळण्याची सवय अधिक आढळते. परंतु चघळणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे मुळीच नाही.

ह्याखेरीज एक अगदी साधे कारण आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा येतात, आणि सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पुढचे दुधाचे दात पडून नवे येतात. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गातील बहुतेक मुलांच्या हिरड्या शिवशिवत असतात. ह्या वयातील पुष्कळसे कुरतडणे दात आल्यावर आपोआप थांबते.

२. चघळणे आणि गिळणे ह्यांतील भेद

शिक्षकाने सर्वप्रथम एक गोष्ट निश्चित करावी. मूल वस्तू केवळ चघळते की तिचे तुकडे गिळते? पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचे पोपडे, कागद असे अखाद्य पदार्थ मूल महिनाभर किंवा अधिक काळ खात असेल, तर त्यास वैद्यकशास्त्रात ‘पिका’ म्हणतात. मॅगपाय नावाच्या पक्ष्याच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला आहे. तो पक्षी काहीही गोळा करतो व खातो अशी जुनी समजूत होती.

माती किंवा पेन्सिल खाणाऱ्या मुलात पुष्कळदा रक्तातील लोह कमी असते. लोह कमी झाल्याने अशी वासना होते, आणि मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जाऊन रक्तक्षय वाढतो, असे दुष्टचक्र सुरू होते. फिकट पापण्या व नखे, लवकर येणारा थकवा, खेळात मागे राहणे आणि धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास मुलास शिक्षेची नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची आवश्यकता असते.

शाळेतून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचे महत्त्व ह्याच कारणाने आहे. ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांना दर आठवड्यास द्यावयाच्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असते, आणि १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत दिली जाणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी मुलाने शिक्षकासमोर चावून खाल्ली पाहिजे. गोळी घरी नेऊ देणे योग्य नव्हे.

३. आठ दिवसांची नोंद

उपाय करण्यापूर्वी निरीक्षण करावे. ह्यासाठी साध्या वहीचे एक पान पुरेसे आहे. त्यावर चार रकाने आखावेत: कोणता तास, कोणती वस्तू, लगेच आधी काय घडले, आणि नंतर काय घडले. अशी नोंद आठ दिवस ठेवावी. ती मुलाच्या नकळत व्हावी व वर्गात वाचून दाखवू नये.

उदाहरणादाखल, एखाद्या मुलाच्या नोंदीत श्रुतलेखनाच्या तासाला कॉलर रोज ओली झालेली दिसेल, आणि बागकामाच्या किंवा गाण्याच्या तासाला एकदाही नाही. मग अडचण कॉलरची नसून श्रुतलेखनाची आहे हे उघड होते. त्या मुलास शब्द एकदा आधी वाचावयास देणे, त्याची जागा दारापासून दूर करणे किंवा श्रुतलेखन दोन भागांत घेणे हाच त्यावरील उपाय ठरेल. दुसऱ्या मुलाची नोंद मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला भरलेली असेल, तर ते मूल सकाळी काही खाऊन येते की नाही हे विचारावे.

४. वर्गात करता येणारे उपाय

नुसता निषेध केल्याने सवय जात नाही. एक वस्तू काढून घेतली की मूल दुसरी शोधते. म्हणून निषिद्ध वस्तूच्या जागी निर्धोक वस्तू किंवा दुसरे काम द्यावे, हे मुख्य सूत्र होय.

(अ) अंगमेहनतीची कामे. हातापायांच्या स्नायूंना ताण देणारी कामे जबड्याच्या कामाची जागा काही अंशी घेतात. वह्यांचा गठ्ठा वाहून नेणे, फळा पुसणे, सतरंजी झटकणे, झाडांना पाणी घालणे, भिंतीला दोन्ही तळहात टेकून दहा वेळा रेटणे अशी कामे अवघड तासाच्या आधी द्यावीत. ती सर्व वर्गाला दिली म्हणजे एकाच मुलाकडे बोट दाखविल्यासारखे होत नाही.

(आ) तोंडाला दुसरा उद्योग. पिण्याच्या पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. वर्गाने मोठ्याने कविता म्हणणे, पाढे तालात म्हणणे, फुंकर घालून कागदाचे गोळे सरकविणे हे सर्व उपयोगी आहे. वेळणेश्वर, हेदवी अशा गुहागर तालुक्यातील किनाऱ्याच्या गावांत माडाच्या पातीची पिपाणी मुले स्वतः करतात. हस्तव्यवसायाच्या तासाला तिला स्थान दिले तर ओठ व श्वास ह्यांना चांगला व्यायाम होतो.

(इ) चावून खाण्याचे पदार्थ. मधल्या सुट्टीत काकडी, गाजर, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, भाजलेले चणे असे पदार्थ आणावेत, असे पालकांस सुचवावे. ज्या परसात माड आहेत तेथे खोबरे विकत आणावे लागत नाही. चणे-खोबरे बसून, सावकाश चावून खावे. पळताना किंवा हसताना तोंडात ठेवू नये.

(ई) ठरलेली वस्तू. ज्या मुलास चघळल्याशिवाय राहवतच नाही, त्यास एक स्वच्छ सुती रुमाल नेमून द्यावा. खास ह्याच कामासाठी केलेल्या सिलिकोनच्या वस्तूही मिळतात. त्या मुलाच्या वयास साजेशा, न तुटणाऱ्या व रोज धुता येणाऱ्या असाव्यात. गळ्यात दोरी बांधावयाची असल्यास ओढ बसताच सुटणारी असावी. वस्तू झिजली की बदलावी.

पावसाळ्यात एक विशेष काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबरपर्यंत कोकणात कपडे नीट वाळत नाहीत. त्यात लाळेने ओली झालेली कॉलर दिवसभर मानेला लागून राहिली तर कातडी लाल होते, ओठांभोवती चिरा पडतात. अशा मुलासाठी दप्तरात दोन कोरडे रुमाल जादा ठेवण्यास घरी सांगावे.

५. खरे धोके कोणते

‘शिसपेन्सिल’ ह्या नावामुळे तिच्यात शिसे असते असे अनेकांस वाटते. वस्तुतः तिच्या कांडीत ग्रॅफाइट व चिकणमाती असते. तथापि बाहेरील रंगाची खात्री देता येत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ साली करण्यात आला, परंतु जुन्या दारे-खिडक्यांवरील रंगाचे पोपडे त्याआधीचे असू शकतात. ते मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

पेनचे टोपण हा अधिक मोठा धोका होय. पुष्कळ टोपणांच्या टोकास छिद्र असते. टोपण श्वासनलिकेत अडकले तरी थोडी हवा जात राहावी म्हणून ते ठेवलेले असते. प्रत्येक टोपणास ते असतेच असे नाही. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. खोकला, बोलणे व श्वास बंद झाल्यास मुलास पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर दाब द्यावा, आणि हे आळीपाळीने चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी बटणासारखी बॅटरी गिळली गेल्याची नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तिसरा धोका दारातच उभा आहे. वेळणेश्वरच्या वाडीत माडाबरोबर पोफळीही असतात आणि सुपारी घराघरांत सहज हाती लागते. तोंडाला काहीतरी हवे असणाऱ्या मुलास कोणी कौतुकाने सुपारीचे खांड दिले, तर निरुपद्रवी सवयीचे रूपांतर घातक व्यसनात होऊ शकते. सुपारीने तोंडातील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. केनियातील भारतीय स्त्रियांत हा विकार आढळल्याचे वर्णन १९५२ साली झाले, आणि आज तो भारतात शालेय वयातील मुलांतही दिसतो. ताठ झालेले अस्तर पूर्ववत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी, तंबाखूविनासुद्धा, कर्करोगकारक ठरविली. पोफळ हे गावाचे उत्पन्न आहे, आणि पिकाविषयी आदर ठेवूनही, ती मुलाच्या तोंडात नको, एवढे शिक्षकाने पालकसभेत स्पष्ट सांगावे.

६. काय करू नये

पेन्सिलीला किंवा बोटांना कडू रस लावणे, हातावर छडी मारणे, वर्गासमोर उभे करून ‘उंदीर’, ‘शेळी’ अशी नावे ठेवणे हे प्रकार सर्वथा टाळावेत. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने मनाई केली आहे. परंतु कायद्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवला तरी शिक्षा येथे निष्फळच ठरते. ज्या अस्वस्थतेमुळे मूल चघळते ती शिक्षेने वाढते आणि वाढलेली अस्वस्थता पुन्हा चघळण्यातच जिरते. शिवाय शिक्षकाने दिलेले टोपणनाव मुले विसरत नाहीत. ते मुलाच्या मागे शाळा सुटेपर्यंत, कधी कधी त्याहूनही पुढे, चालत राहते.

वर्गात आठवण द्यावयाची असल्यास शब्दाऐवजी खूण ठरवावी. शिक्षकाने स्वतःच्या कॉलरला हळूच हात लावला की मुलाने समजावे. ही खूण दोघांतच राहावी.

७. पालक आणि आरोग्यपथक

पालकांशी बोलताना तक्रारीचा सूर नसावा. ‘तुमचा मुलगा घाण तोंडात घालतो’ असे म्हणण्याऐवजी ‘घरी तो केव्हा चघळतो, केव्हा विसरतो?’ असे विचारावे. पुष्कळदा आई किंवा आजी असे काही सांगते की ज्याने नोंदवहीतील कोडे सुटते. वडील मुंबईस नोकरीला गेले, घरात नवे बाळ आले, रात्रीची झोप कमी झाली, अशी कारणे शाळेत कळत नाहीत.

मूल अखाद्य वस्तू गिळत असेल, दात झिजले किंवा तुटले असतील, बोलणे वयाच्या मानाने मागे असेल, हाकेला ओ देत नसेल किंवा एकाएकी सवय वाढली असेल, तर त्याचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास आवर्जून द्यावे. हा कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला, आणि त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकाच्या भेटीपर्यंत थांबणे इष्ट नसल्यास आरोग्य केंद्रात पाठवावे. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन केंद्रप्रमुखांमार्फत मिळू शकते. स्वमग्नतेचा समावेश दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात आहे. मात्र तसे निदान करणे हे वैद्याचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे.

सवय एका महिन्यात जाईल अशी अपेक्षा धरू नये. कॉलर रोज ओली होत होती ती आठवड्यातून दोनदा झाली, किंवा कॉलरीऐवजी मूल रुमालाकडे वळले, तरी ती प्रगतीच समजावी. पुष्कळ मुले वाढत्या वयाबरोबर ही सवय मागे टाकतात. तोपर्यंत त्यांचे दात, त्यांचे आरोग्य आणि वर्गातील त्यांचा मान सांभाळणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. चघळणारे मूल शब्दांवाचून काही सांगत असते. ते भुकेविषयी आहे, दुखऱ्या हिरडीविषयी आहे, की भीतीविषयी, हे शोधून काढणारा शिक्षक त्या मुलाचे श्रुतलेखनही सुधारल्याशिवाय राहणार नाही.