गिरणीच्या जमिनीवर घर कोणाचे?

दिल्लीत परवडणाऱ्या घरांची चर्चा बहुधा व्याजदर, अनुदान आणि चटईक्षेत्र यांभोवतीच फिरते. जमिनीचा प्रश्न मागे पडतो. कोलकात्याच्या दक्षिणेस, सियालदहहून निघणारी उपनगरी गाडी जेथे थांबते, त्या बजबजमध्ये मात्र तो टाळता येत नाही.

हुगळीकाठच्या या गावी ब्रिटिश अमदानीत ताग गिरण्या व तेलाची आगारे उभी राहिली. ताग पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या मजुरांना गिरणीच्या आवारातील ‘कुली लाइन’ मिळाली. भाडे नाममात्र, हक्क नोकरीपुरता. त्यामुळे ग्रॅच्युइटी पदरी पडेपर्यंत अनेक निवृत्त कामगार खोली सोडत नाहीत. शेजारच्या बाटानगरात १९३० च्या दशकातील कारखाना-वसाहतीच्या जमिनीवर खासगी निवासी नगर उभे राहिल्याने पुढची दिशाही स्पष्ट झाली आहे.

एप्रिल २०१९ पासून महानगरांत ६० चौरस मीटर व ४५ लाख रुपयांपर्यंतची सदनिका एक टक्का जीएसटीसाठी ‘परवडणारी’ ठरते. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकाची कमाल उत्पन्नमर्यादा वार्षिक ३ लाख आहे. म्हणजे अशा कुटुंबाची १५ वर्षांची संपूर्ण कमाई! ग्राहकहितासाठी बंगालने २०१७ मध्ये केलेला स्वतंत्र गृहनिर्माण कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला आणि केंद्राच्या ‘रेरा’चा मार्ग मोकळा झाला. पण ज्याची खरेदीची ऐपतच नाही, तो या वादात ग्राहकही ठरत नाही.

मुंबईचा अनुभव येथे उपयोगी आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक असे तीन वाटे व्हायचे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तब्बल तीस वर्षांनी.

आजारी गिरण्यांची देणी जमीन विकूनच फिटतील, वाटा राखल्यास गुंतवणूकदार फिरकणार नाही, हा युक्तिवाद तेव्हाही होता. त्यात तथ्य असेल, तर वाट्याचे प्रमाण ठरवताना त्याचा विचार व्हावा. वाटा नाकारण्यास ते कारण पुरेसे नाही. जमिनीचा वापर बदलण्यापूर्वी लाइनवासीयांची नोंद आणि संपूर्ण क्षेत्रावर आधारित हिस्सा कायद्यात येणे आवश्यक आहे. एकदा इमले उठले की मोकळी जमीन शोधण्याची वेळ मुंबईप्रमाणे बजबजवरही येईल.