पिंपरीतला बुरशीशास्त्रज्ञ

पिंपरीच्या एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स, कंपनीचं नाव काढलं की गप्पा पेनिसिलिनपाशीच थांबतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. इथल्या जुन्या कुटुंबांना हा इतिहास तोंडपाठ आहे. मला मात्र कित्येक वर्षं ओढ आहे ती कंपनीच्या ‘हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स बुलेटिन’ या नियतकालिकाची, आणि त्यातही १९६१ च्या तिसऱ्या खंडात आलेल्या एका छोट्याशा शोधनिबंधाची. लेखक तिघं: तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट. विषय: हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक.

मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ चा. विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट आणि बनारसला प्राध्यापकी. पण त्यांचा मूळ पिंड वनस्पतींवरच्या बुरशींचा. तांबेरा, काणी यांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यात हयात घालवणारा हा माणूस पेनिसिलिनच्या कारखान्यात संशोधन विभागाचा प्रमुख झाला. माझ्या मते पिंपरीचं सगळ्यात मोठं भाग्य हेच. पेनिसिलिनचं तंत्र बाहेरून आलं होतं. काय शोधायचं, हे ठरवणारी नजर त्यांनी सोबत आणली.

शोधायची निकड होतीच. जिवाणूंना मारणारी औषधं भरपूर वापरली की तोंडात, आतड्यात निमूट राहणाऱ्या कँडिडासारख्या बुरशीला मोकळं रान मिळतं. पेनिसिलिनचा तिच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही.

शोधाची रीत कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमेल इतकी साधी. ग्रॅमभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, ते पाणी दहा-दहा पटींनी पातळ करत न्यायचं आणि थेंबभर अगारच्या प्लेटवर पसरायचं. (अगारऐवजी जिलेटिन घेतलं तर पुण्याच्या उन्हाळ्यात प्लेटचं पाणी होईल. कॉखच्या प्रयोगशाळेला ही अडचण सतावत होती. अगार सुचवलं ते फॅनी हेस यांनी, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून.) बरेचसे जिवाणू एका रात्रीत दिसतात. हवा असतो तो प्रतिजैविकं तयार करणारा स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू, आणि त्याला पाच-सात दिवस द्यावे लागतात. त्याची वसाहत ओळखायला लूप टोचून पाहावा: इतर जिवाणूंसारखी ती लोण्यासारखी उचलली जात नाही, अगारमध्ये मुळं रोवल्यासारखी चिवट बसते. वरून खडूच्या भुकटीसारखी पांढरी-करडी, आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाचा मातीचा वास. तो वास पावसातही याच जिवांमुळे येतो.

स्लाइडवर स्मिअर करून ग्रॅम रंजन केलं की बारीक जांभळे धागे दिसतात, बुरशीसारखे फांद्या फुटलेले. धाग्यांची जाडी मात्र बुरशीच्या कितीतरी कमी, जेमतेम एक मायक्रॉन. फांद्यांच्या साम्यामुळेच हे जिवाणू बराच काळ बुरशीत गणले गेले. जात ठरवायला बीजाणूंच्या साखळ्या पाहाव्या लागतात, सरळ की पिळाच्या, आणि स्मिअर करताना त्या मोडतात. उपाय असा: कव्हरस्लिप अगारमध्ये तिरपी खोचून ठेवायची, धागे आपणहून काचेवर चढतात, मग अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची.

आता कळीची गोष्ट. हॅमायसिन पॉलिइन कुळातलं. ही औषधं बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला भोकं पाडतात. जिवाणूंच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसतंच. म्हणजे त्या काळी नव्या प्रतिजैविकासाठी सर्रास व्हायची तशी चाचणी, स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय पेरलेल्या प्लेटवर, केली तर अशी वसाहत निकामी ठरून टाकून दिली जाईल. कँडिडा पेरलेल्या प्लेटवरच तिच्याभोवती वाढ थांबल्याचं वर्तुळ उमटतं. तेही फसवं, कारण पॉलिइनचे मोठे रेणू अगारमधून हळू पसरतात आणि जालीम औषधाचं वर्तुळही लहान दिसतं. नुसती पट्टी लावून मोजणारा इथे हमखास चुकेल. मग वर्णपट घ्यायचा: ३६०, ३८० आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास तीन शिखरं दिसली की सात दुहेरी बंधांचं हेप्टाइन हाती लागलं असं समजायचं.

ज्या जिवाणूपासून हॅमायसिन मिळालं त्याला तिरुमलाचारांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ म्हटलं, आणि औषधाला कंपनीची आद्याक्षरं दिली. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ हेझन आणि ऑल्बनीच्या रेचल ब्राउन यांनी १९५० मध्ये जाहीर केलेलं निस्टॅटिनही असंच न्यूयॉर्क राज्यावरून ओळखलं गेलं. हेझन माती तपासायच्या आणि नमुने टपालानं ब्राउनकडे धाडायच्या; निस्टॅटिन मिळालं ते व्हर्जिनियातल्या शेतावरच्या मातीतून. निस्टॅटिनची कथा पाठ्यपुस्तकांत पोचली, पिंपरीची पोचली नाही. याची मला मनापासून खंत आहे.

हॅमायसिन जपानमध्ये आधी सापडलेल्या ट्रायकोमायसिनच्या अगदी जवळचं आहे, हे पुढे स्पष्ट झालं. त्यानं पिंपरीच्या कामाचं मोल उणावतं असं मला वाटत नाही. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या रुग्णांना ते तोंडावाटे देऊन पाहिलं गेलं, पण आतड्यातून रक्तात ते एकसारखं उतरत नव्हतं. शरीरात खोल रुजलेल्या बुरशीसाठी अॅम्फोटेरिसिन बी पुढे गेलं. हॅमायसिन राहिलं तोंडातल्या कँडिडापुरतं, कानातल्या बुरशीपुरतं.

तिरुमलाचारांना १९६७ चा भटनागर पुरस्कार मिळाला. मला सर्वांत जवळचं वाटणारं त्यांचं काम मात्र १९६४ चं. रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांच्यासह त्यांनी बुलेटिनमध्ये ऑरिओफंगिन जाहीर केलं, तेही हेप्टाइनच, पण पिकांसाठी. तांबेरा-काणीचा अभ्यासक परत झाडांकडे वळला. लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगावर ते वापरात आलं. हॅमायसिन माणसाच्या आतड्यातून पुरेसं उतरत नव्हतं. ऑरिओफंगिन झाडात पानांवाटे शिरतं, मुळांवाटेही शिरतं, आणि आतल्या आत पसरतं.